गणितात मागे पडलेल्या विद्यार्थ्याची एकास एक शिकवणी : आठवी ते दहावीसाठी सविस्तर मार्गदर्शन

एकाच विद्यार्थ्याला समोर बसवून शिकवण्याचे काम महाराष्ट्रात असंख्य लोक करतात. पदवीचे शिक्षण घेता घेता शेजारच्या मुलांना शिकवणारे तरुण, निवृत्तीनंतर घरी शिकवण्या घेणारे शिक्षक, संसार सांभाळून संध्याकाळचे दोन तास मुलांना देणाऱ्या गृहिणी, असे नाना प्रकारचे लोक त्यांत असतात. यांतील बहुतेकांना विषय चांगला येतो, परंतु समोर एकच मूल असताना तास कसा घ्यावा हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. त्यामुळे वर्गात चालते तेच घरी चालते. शिकवणारा उदाहरण सोडवून दाखवतो, मूल ते वहीत उतरवून घेते, ‘समजले ना?’ या प्रश्नावर मान हलवते आणि घटक चाचणीत पुन्हा चाळीसपैकी अकरा गुण घेऊन येते.

हे मार्गदर्शन राज्य मंडळाच्या मराठी किंवा सेमी इंग्रजी शाळेत आठवी, नववी किंवा दहावीत शिकणाऱ्या आणि गणितात मागे पडलेल्या विद्यार्थ्याला शिकवणाऱ्यांसाठी आहे. हुशार मुलाला शिष्यवृत्ती किंवा प्रज्ञाशोध परीक्षेसाठी तयार करणे हा वेगळा विषय आहे आणि तो येथे घेतलेला नाही. संपूर्ण लेखाचा आधार एकच गोष्ट आहे : एकास एक शिकवणीत चूक कागदावर उमटत असतानाच ती पाहता येते, आणि साठ मुलांच्या वर्गात कोणत्याही शिक्षकाला हे शक्य नसते. हा लाभ घ्यायचा असेल, तर तासाचा बहुतांश वेळ पेन विद्यार्थ्याच्या हातात असले पाहिजे.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधाचा उल्लेख शिकवणीच्या संदर्भात नेहमी होतो. एकास एक शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातील सुमारे ९८ टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे गेला, असे त्यात नोंदवलेले आहे. पुढील संशोधनात हा परिणाम इतका मोठा आढळला नाही. मात्र त्या निबंधातील जी बाब सहसा सांगितली जात नाही तीच शिकवणाऱ्याच्या कामाची आहे. ब्लूम यांच्या प्रयोगांत प्रत्येक घटकानंतर चाचणी होती, चाचणीत दिसलेल्या चुकांची दुरुस्ती होती आणि घटक पक्का झाल्याखेरीज पुढे जाणे नव्हते. म्हणजे नुसते एकट्याला समोर बसवून शिकवल्याने तो परिणाम साधला, असे म्हणता येत नाही.

काम स्वीकारण्यापूर्वी

पहिली भेट पालक आणि विद्यार्थी दोघांच्या उपस्थितीत घ्यावी. पालक सहसा ‘याचे गणित कच्चे आहे’ एवढेच सांगतात, आणि त्या एका वाक्यावरून काहीच कळत नाही. मागील दोन परीक्षांच्या उत्तरपत्रिका, शाळेची वही आणि रफ वही पाहायला मागावी. शाळेची वही फळ्यावरून उतरवलेली असल्याने ती नीटनेटकी आणि बिनचूक असते. मुलाची खरी स्थिती रफ वहीत आणि उत्तरपत्रिकेत दिसते. विद्यार्थ्याला स्वतंत्रपणे विचारावे, की गणितातला कोणता भाग तुला त्यातल्या त्यात बरा वाटतो. ‘कोणताच नाही’ असे उत्तर आले, तरी थोडे थांबून पाहावे. बहुतेक मुले मग हळूच आलेखाचे, रचनेचे किंवा पाढ्यांचे नाव घेतात. पहिल्या आठवड्यात त्या भागातले एखादे उदाहरण मुद्दाम घ्यावे.

याच भेटीत व्यवहाराच्या गोष्टी स्पष्ट कराव्यात. फी महिन्याची की तासावर, चुकलेला तास भरून देणार की नाही, गणपती, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी कशी धरायची, हे आधीच ठरले म्हणजे पुढे मन खट्टू होत नाही. शाळेत नोकरीला असलेल्या शिक्षकांनी लक्षात ठेवावे, की २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार त्यांना खासगी शिकवणी घेण्यास मनाई आहे. तास बैठकीच्या खोलीत किंवा दार उघडे असलेल्या खोलीत घ्यावा आणि घरात आणखी एक मोठी व्यक्ती असावी. मुलाच्या सुरक्षिततेसाठी आणि शिकवणाऱ्याच्या निर्धास्तपणासाठी हा नियम दोन्ही बाजूंनी आग्रहाने पाळावा. ओळखीचे घर आहे म्हणून त्यात सूट देऊ नये.

‘सहामाहीत किती गुण मिळतील?’ या प्रश्नाला आकडा सांगून उत्तर देऊ नये. त्याऐवजी, पहिल्या तीन आठवड्यांत नेमके कुठे अडते ते शोधून लेखी देईन आणि त्यानंतर किती काळ लागेल याचा अंदाज सांगेन, असे म्हणावे. हे ऐकून ज्यांना अपेक्षाभंग वाटेल, त्यांच्याशी त्याच दिवशी मोकळेपणाने बोललेले बरे.

नेमके कुठे अडते ते शोधणे

सर्वाधिक वेळ आणि सर्वाधिक काळजी या टप्प्याला द्यावी. नववीच्या मुलाला ‘बहुपदी’ समजत नाही अशी तक्रार असते, तेव्हा खरी अडचण बहुतेक वेळा बहुपदीत नसतेच. आठवीचे बैजिक राशींचे अवयव, त्यामागे सातवीच्या बैजिक राशींवरील क्रिया, त्यामागे सहावीतल्या ऋण संख्या, आणि सर्वांत तळाशी पाढे व भागाकार, अशी ती साखळी मागे जाते. जिथे कडी तुटली आहे त्याच्या वरचे काहीही कितीही वेळा शिकवले तरी टिकत नाही.

पहिल्या दोन तासांसाठी वीसेक छोट्या उदाहरणांची एक पत्रिका हाताने तयार करावी आणि ती मुद्दाम तिसरी-चौथीच्या पातळीपासून सुरू करावी. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत आलेल्या ‘असर’ सर्वेक्षणात मुलांची अंकगणिताची पातळी एक अंकी संख्या ओळखणे, दोन अंकी संख्या ओळखणे, उसने घेऊन वजाबाकी करणे आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे, एवढ्याच टप्प्यांवर तपासतात. आठवीच्या मुलासाठीही शेवटच्या दोन टप्प्यांपासून प्रारंभ करण्यात कमीपणा मानू नये. त्यानंतर अपूर्णांकांची बेरीज, दशांश अपूर्णांकांची तुलना, ऋण संख्यांची बेरीज-वजाबाकी, कंचेभागुबेव (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रियांचा क्रम) लागणारी एक पदावली, शेकडेवारीचे एक उदाहरण, एक साधे समीकरण आणि एक दोन ओळींचे शाब्दिक उदाहरण असावे. घड्याळ लावू नये. ‘ही परीक्षा नाही, मला कुठून सुरुवात करायची ते कळावे म्हणून आहे’ असे मुलाला सांगावे आणि गुण देऊ नयेत.

उत्तर चुकले एवढे पाहून थांबू नये. चूक कशी झाली ते पाहावे. ५०३ मधून २६८ वजा करताना एखादा विद्यार्थी ३६५ लिहितो. हे उत्तर घाईतून आलेले नाही. प्रत्येक स्थानावर मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, असा त्याने स्वतःपुरता एक नियम बसवलेला आहे, आणि तो नियम तो अगदी शिस्तीने पाळतो : पाचातून दोन गेले तीन, सहातून शून्य गेले सहा, आठातून तीन गेले पाच. अशा मुलाला ‘नीट लक्ष दे’ असे सांगून काही उपयोग नाही, कारण तो लक्ष देऊनच हे करतो आहे. त्याला २६८ आणि ३६५ यांची बेरीज करायला लावावी. ती ६३३ येते, ५०३ येत नाही, हे त्याला स्वतःला दिसले म्हणजे नियम मोडायला सुरुवात होते. मग शतकातून दशक आणि दशकातून एकक कसे सुटे करायचे ते काडेपेटीतल्या काड्यांचे गठ्ठे किंवा खोट्या नोटा घेऊन दाखवावे. पंधरा वर्षांच्या मुलाला काड्या दिल्या तर तो रागावेल अशी भीती अनेकांना वाटते. पाहणारे दुसरे कोणी नसेल तर तो रागावत नाही, असा माझा अनुभव आहे.

६१२ ला ६ ने भागून १२ असे उत्तर लिहिणारी मुले दहावीतही सापडतात. मधले शून्य गाळण्याची ही चूक उत्तराचा अंदाज घेण्याची सवय नसल्यामुळे टिकून राहते. ‘सहाशेला सहाने भागले तर किती?’ असे आधी तोंडी विचारले, की शंभराच्या पुढचे उत्तर बारा असू शकत नाही, हे मूल स्वतःच म्हणते. ०.५ पेक्षा ०.२५ मोठे मानणारे मूल ती संख्या ‘शून्य पॉइंट पंचवीस’ अशी वाचत असते. ‘शून्य पॉइंट दोन पाच’ असे वाचायला लावावे, आणि दोन्ही संख्या शतांशांत लिहून, म्हणजे ०.५० आणि ०.२५ अशा, एकाखाली एक मांडायला सांगाव्यात.

मराठीतली संख्यानामेही एकदा तपासून घ्यावीत. ‘एकोणसाठ’ ऐकून ६९ लिहिणारी आणि ‘एकोणऐंशी’ ऐकून ८९ लिहिणारी मुले सेमी इंग्रजीत आणि घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या कुटुंबांत बऱ्याच वेळा आढळतात. शिकवणारा तोंडी उदाहरण सांगतो, मूल वेगळीच संख्या लिहिते आणि पुढचा सगळा हिशोब बरोबर करूनही उत्तर चुकते. दहा संख्या तोंडी सांगून लिहून घेतल्या, की पाच मिनिटांत याचा निकाल लागतो.

हे सर्व करताना विद्यार्थ्याला मोठ्याने बोलत सोडवायला सांगावे. सुरुवातीला तो संकोचेल, म्हणून एक उदाहरण आपण तसे बोलत सोडवून दाखवावे. तो बोलत असताना मध्ये दुरुस्ती करू नये, फक्त टिपून घ्यावे. दोन तासांच्या शेवटी एका पानावर तीन याद्या तयार व्हाव्यात : काय पक्के आहे, काय डळमळीत आहे आणि काय अजिबात येत नाही. पालकांना लेखी द्यायचा कागद हाच.

दोन धाग्यांची आखणी

तळापासून दुरुस्ती करायची म्हटले, तर शाळेचा चालू धडा सुटतो, आणि फक्त चालू धडा धरला, तर तळ तसाच राहतो. म्हणून दोन्ही धागे एकाच तासात समांतर चालवावेत. मात्र चालू धड्याला जे लागते तेच पायाभूत कौशल्य आधी घ्यावे. दहावीला बीजगणितात वर्गसमीकरणे चालू असतील, तर क्ष² − १३क्ष + ४२ = ० हे अवयव पद्धतीने सोडवण्यासाठी काय काय लागते ते पाहावे. ४२ चे विभाजक पाठ असणे, त्यांतून १३ बेरीज येणारी जोडी शोधणे, गुणाकार धन आणि बेरीज ऋण असेल तर दोन्ही संख्या ऋण असतात हे कळणे, मधले पद फोडून सामाईक अवयव काढणे, आणि गुणाकार शून्य असेल तर निदान एक अवयव शून्य असतो हे समजणे. या पाचांपैकी एकाच ठिकाणी मूल अडते. उरलेल्या चारांवर वेळ घालवण्याचे कारण नाही.

पाठ्यपुस्तके बालभारतीची वापरावीत. मागील इयत्तांची पुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, आणि नववीच्या मुलासाठी सहावी-सातवीचा एखादा सरावसंच छापून घेतला तर वेगळे पुस्तक विकत घ्यावे लागत नाही. वर इयत्तेचा आकडा असेल तर तो झाकून छापावा. ही लहानशी गोष्ट आहे, पण नववीतल्या मुलाच्या हातात ‘इयत्ता सहावी’ लिहिलेले पान ठेवले, की त्याचा चेहरा पडतो. बाजारातली मार्गदर्शके पहिले तीन महिने दूर ठेवावीत, कारण त्यांत उत्तर शेजारीच असते.

आठवड्यातून एकदा तीन तास घेण्यापेक्षा तीनदा तासभर घेणे अधिक उपयोगी पडते, कारण मधल्या दिवसांत विसरण्याची आणि पुन्हा आठवण्याची संधी मिळते आणि त्यातूनच गोष्ट पक्की होते.

एक तास कसा घ्यावा

तासाची सुरुवात मागच्या तासाच्या उजळणीने करावी, पण ती उजळणी आपण बोलून करू नये. मागच्या तासातली दोन, गेल्या आठवड्यातले एक आणि महिन्याभरापूर्वीचे एक अशी चार उदाहरणे कोऱ्या कागदावर द्यावीत आणि वही बंद ठेवून सोडवून घ्यावीत. या दहा मिनिटांत आपण काहीही शिकवायचे नसते, शांत बसून पाहायचे असते. जे येत नाही ते त्या दिवसाच्या कामात घ्यावे.

त्यानंतर पंधरा मिनिटे पायाभूत कौशल्यासाठी आणि पंचवीस मिनिटे शाळेच्या चालू धड्यासाठी ठेवावीत. नवी गोष्ट सांगताना एक उदाहरण आपण पूर्ण सोडवून दाखवावे, दुसरे दोघांनी मिळून सोडवावे, म्हणजे पायरी मुलाने सांगावी आणि त्यानेच लिहावी, आणि तिसरे त्याने एकट्याने करावे. तिसऱ्या उदाहरणाच्या वेळी शिकवणाऱ्याने आपले पेन खरोखर खाली ठेवावे. हातात पेन असले, की ते मुलाच्या वहीत शिरते.

एक प्रसंग सविस्तर पाहू. ३क्ष + ७ = २२ हे समीकरण नववीतली मुलगी सोडवते आहे. ती पुढच्या ओळीत ३क्ष = २२ + ७ असे लिहिते. अशा वेळी ‘चिन्ह बदललं नाहीस’ असे आपण चटकन म्हणतो, ती अधिकाचे वजा करते, उत्तर ५ येते आणि काहीही शिकून न होता उदाहरण संपते. त्याऐवजी तिला पुढे जाऊ द्यावे. तिचे ३क्ष = २९ येईल आणि तिथे ती अडखळेल किंवा २९ भागिले ३ असे उत्तर लिहील. मग म्हणावे, ‘हे उत्तर मूळ समीकरणात घालून बघ बरं.’ तिच्या लक्षात येते, की २९ अधिक ७ म्हणजे ३६ होतात, आणि उजवीकडे तर २२ आहेत. ‘मग कुठे बिघडलं असेल?’ एवढाच प्रश्न विचारावा. ती वर जाऊन स्वतः चूक शोधते. त्यानंतर ‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’ हा पाठ केलेला नियम काही आठवडे बाजूला ठेवावा आणि दोन्ही बाजूंतून ७ वजा करण्याची ओळ प्रत्येक वेळी पूर्ण लिहून घ्यावी. पक्षांतर हा त्या ओळीचा संक्षेप आहे, हे तिला कळल्यावर नियम वापरायला हरकत नाही.

अपूर्णांकांच्या बाबतीतही असेच करावे. १/२ + १/३ = २/५ असे लिहिणाऱ्या मुलाला समच्छेदाची रीत पुन्हा सांगण्यापूर्वी विचारावे, की २/५ हे अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? कमी, असे तो म्हणतो. ‘अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं?’ हा प्रश्न ऐकल्यावर मुले बहुतेक वेळा गप्प होतात आणि विचारात पडतात. या क्षणी घाई करू नये. कागदाची एक पट्टी घेऊन तिचे सहा सारखे भाग करायला लावावे. अर्धी पट्टी म्हणजे तीन भाग, तिसरा हिस्सा म्हणजे दोन भाग, आणि मिळून पाच षष्ठांश, हे मोजून कळते. ल.सा.वि. कशासाठी काढायचा, हे त्याला या पट्टीवरून पहिल्यांदाच उमगते.

शेवटच्या दहा मिनिटांत त्या दिवशी शिकलेल्यांपैकी एक उदाहरण विद्यार्थ्याने आपल्याला शिकवावे. तो कुठे अडखळतो त्यावरून पुढच्या तासाची सुरुवात ठरते.

थांबणे आणि सूचना देणे

मेरी बड रो या अमेरिकी संशोधक महिलेने १९७० च्या दशकात वर्गांचा अभ्यास करून दाखवले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदही थांबत नाहीत, आणि हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला तर मुलांची उत्तरे लांब आणि विचारपूर्वक होतात. एकास एक शिकवणीत तर दहा-पंधरा सेकंद थांबायलाही काही अडचण नसते. अडचण शिकवणाऱ्याच्या मनाची असते. शांतता पसरली, की आपण काही करत नाही असे वाटते, आणि त्यातून घेतलेल्या फीचा दबावही जाणवतो. मूल कागदाकडे पाहत असेल, ओठ हलत असतील, तर ते काम करत आहे असे समजावे आणि बोलू नये. ते खिडकीबाहेर पाहू लागले, तर सूचना देण्याची वेळ झाली.

सूचनाही एकदम मोठी देऊ नये. आधी ‘प्रश्न पुन्हा मोठ्याने वाच’. त्याने जमले नाही तर ‘काय दिलंय आणि काय काढायचंय ते लिही’. तरीही अडले तर लहान संख्या घेऊन तसेच सोपे उदाहरण द्यावे. अगदी शेवटी पहिली पायरी आपण लिहून द्यावी. अशी मदत घेऊन सोडवलेले उदाहरण ‘आले’ असे धरू नये. त्याच प्रकारचे दुसरे उदाहरण पुढच्या तासाला विनामदत सुटले, तरच ते पक्के मानावे.

कौतुकाबद्दल एक सांगणे आवश्यक वाटते. ‘हुशार आहेस’ यापेक्षा ‘उत्तर समीकरणात घालून तपासलंस, म्हणून चूक तुझी तुलाच सापडली’ असे म्हणावे. नेमके काय चांगले केले ते मुलाला कळले, तर ते पुन्हा तसे करते.

शाब्दिक उदाहरणे आणि भाषा

गणितात मागे पडलेल्या बऱ्याच मुलांची अर्धी अडचण वाचनाची असते, आणि सेमी इंग्रजीच्या मुलांच्या बाबतीत ती दुप्पट होते, कारण उदाहरण इंग्रजीत आणि विचार मराठीत चालतो. अशा मुलाकडून उदाहरण आधी मराठीत, आपल्या शब्दांत, सांगून घ्यावे. ‘दुप्पट’ आणि ‘दोनने अधिक’, ‘पेक्षा ५ ने कमी’ आणि ‘५ मधून कमी’, ‘शेकडा १० सूट’ आणि ‘१० रुपये सूट’ यांतले अंतर एकेका वाक्यावर थांबून स्पष्ट करावे. ‘वडिलांचे वय मुलाच्या वयाच्या तिपटीपेक्षा ४ ने अधिक आहे’ या वाक्यातील प्रत्येक शब्दाखाली चिन्ह लिहून घेतले, की समीकरण आपोआप उभे राहते. सोडवणे दुसऱ्या दिवसासाठी राहिले तरी चालेल. एखादा पूर्ण तास फक्त समीकरणे मांडण्यात आणि एकही न सोडवण्यात घालवावा, याचा पुढे फार उपयोग होतो.

भूमितीत भाषेचे काम आणखी वाढते. सिद्धता पाठ करणारे मूल आकृतीतली अक्षरे बदलली की गोंधळते, म्हणून प्रत्येक प्रमेयाची आकृती वेगळी अक्षरे घालून आणि फिरवून काढायला लावावी, आणि प्रत्येक विधानापुढे कारण लिहून घ्यावे. कंपासपेटीत कंपासची पेन्सिल बोथट आणि गुण्या हरवलेला असतो. आधी तेवढे नीट करावे. भौमितिक रचनेत पुष्कळ गुण केवळ हलणाऱ्या कंपासमुळे जातात.

तासाबाहेरचा सराव

घरी करायला रोज पाच ते सात उदाहरणे पुरेशी आहेत, आणि ती सर्व एकाच प्रकारची नसावीत. सलग वीस उदाहरणे अवयवांचीच दिली, तर कोणती रीत लावायची हा निर्णयच मुलाला घ्यावा लागत नाही, आणि परीक्षेत नेमका तोच निर्णय घ्यावा लागतो.

याखेरीज एक चूकवही ठेवावी. डाव्या पानावर चुकलेले उदाहरण जसेच्या तसे, उजव्या पानावर बरोबर सोडवलेले, आणि खाली एका वाक्यात चूक कुठे झाली ते मुलाच्या शब्दांत. ‘ऋणाला ऋणाने गुणलं तरी मी ऋणच लिहिलं’ असे वाक्य त्याने स्वतः लिहिलेले असावे. दर शनिवारी या वहीतील तीन उदाहरणे उजवे पान झाकून पुन्हा सोडवावीत. पाढे कच्चे असतील तर रोज पाच मिनिटे, विशेषतः ६, ७, ८, ९ आणि १२ ते १९ चे, क्रमाने न म्हणता उलटसुलट विचारून घ्यावेत. ‘सात आठे?’ म्हटल्यावर छप्पन्न लगेच आले पाहिजे. त्यासाठी सातापासून पाढा म्हणत यावे लागत असेल, तर तो अजून पाठ झालेला नाही.

दहावीचे वर्ष

दहावीला गणिताचे भाग १ व भाग २ असे प्रत्येकी ४० गुणांचे आणि दोन तासांचे दोन पेपर असतात आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. मागे पडलेल्या मुलासाठी सगळेच धडे सारख्या वेळेत होणार नाहीत, हे सप्टेंबरपर्यंत मान्य करावे आणि क्रम लावावा. भाग १ मध्ये दोन चलांतील रेषीय समीकरणे, अंकगणिती श्रेढी, संभाव्यता आणि सांख्यिकी, तर भाग २ मध्ये पायथागोरसचे प्रमेय, भौमितिक रचना, निर्देशक भूमिती आणि महत्त्वमापन हे धडे रीत समजल्यावर तुलनेने लवकर हाती येतात. वर्तुळ आणि समरूपता यांतल्या सिद्धतांना अधिक काळ द्यावा लागतो. चौकटी भरून कृती पूर्ण करण्याचे प्रश्न सोपे वाटतात, पण पाठ करून आलेले मूल तेथे अडते, कारण दुसऱ्याने मांडलेल्या पायऱ्या वाचून समजून घ्याव्या लागतात. त्यांचा सराव वेगळा घ्यावा.

पूर्वपरीक्षेआधी किमान तीन पेपर घड्याळ लावून, एका बैठकीत, खऱ्या उत्तरपत्रिकेसारख्या कागदावर सोडवून घ्यावेत. तपासताना गुण गेलेल्या प्रत्येक जागेपुढे कारण लिहावे : येत नव्हते, वाचण्यात चूक, आकडेमोडीत चूक, की वेळ पुरला नाही. या चार कारणांवरचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत. वेळ न पुरणाऱ्या मुलाला आणखी एक धडा शिकवून काहीच साधत नाही.

पालकांशी बोलणे, आणि शिकवणीच्या आवाक्याबाहेरची अडचण

महिन्यातून एकदा पालकांना पहिल्या कागदावरील तीन याद्या नव्याने करून दाखवाव्यात. डळमळीत यादीतली कोणती गोष्ट पक्क्या यादीत गेली, हे पाहून त्यांचाही धीर वाढतो, कारण पायाभूत काम चालू असताना शाळेतले गुण पहिले दोन-तीन महिने फारसे हलत नाहीत. हे सर्व मुलाच्या समोर बोलावे. त्याच्या पाठीमागे तक्रार केली, तर त्याचा विश्वास उडतो आणि मग तो चुका लपवू लागतो.

तीन-चार महिने नियमित आणि मनापासून काम करूनही मूल संख्यांचा क्रम सतत उलटा लिहीत असेल, साध्या बेरजेसाठी बोटांवरच अवलंबून राहत असेल, काल पक्के झालेले आज पूर्ण पुसले जात असेल, तर त्याला आळशी किंवा मंद ठरवू नये. डिसकॅल्क्युलिया ही गणिताशी निगडित अध्ययन अक्षमता असू शकते, आणि तिचे निदान तज्ज्ञांनीच करायचे असते. विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात समाविष्ट आहे, आणि प्रमाणपत्र मिळालेल्या विद्यार्थ्यांना राज्य मंडळ परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती देते. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी स्वतंत्र केंद्र आहे. इतरत्र शाळेमार्फत किंवा जवळच्या शासकीय रुग्णालयात चौकशी करावी. प्रक्रियेला महिने लागतात, म्हणून संशय आल्यास नववीतच पालकांशी बोलावे, दहावीच्या जानेवारीपर्यंत थांबू नये.

शिकवणी कमी कशी करावी

मूल चालू धड्याची उदाहरणे विनामदत सोडवू लागले आणि चूकवही स्वतःहून भरू लागले, की आठवड्यातले तीन तास दोनवर आणावेत, मग एकावर. शेवटच्या महिन्यात तासाला आपण काही शिकवू नये. मुलाने आठवडाभरात अडलेल्या उदाहरणांची यादी आणावी आणि त्यांवरच बोलावे. यादी रिकामी असेल, तर तास अर्ध्यातच संपवावा आणि फी त्याप्रमाणे घ्यावी. शिकवणी बंद करताना तीन याद्यांचा शेवटचा कागद आणि चूकवही मुलाकडेच ठेवावी आणि जूनमध्ये नवी पुस्तके हाती आल्यावर एकदा भेटण्याचे ठरवावे. त्या भेटीत नव्या इयत्तेच्या अनुक्रमणिकेवर बोट ठेवून प्रत्येक धड्याला मागचे काय लागेल ते त्यालाच सांगायला लावावे, आणि जिथे तो अडखळेल तेवढ्यापुरते दोन-चार तास घ्यावेत.